वाजवून घेतलेली तुळई

उन्हाळा लागला की दापोडीच्या आमच्या गल्लीतल्या बायका माठ घ्यायला पिंपरीच्या बाजारात एकट्या जात नसत. माझ्या वडिलांना, कोंडीराम ओव्हाळांना, बरोबर नेत. दादा माठ एका तळहातावर धरायचे, दुसऱ्या हाताचं बोट वाकवून टकटक करायचे आणि मान कलती करून ऐकायचे. खणखणीत वाजला तर मान हलवायचे. बद्द वाजला तर माठवाल्याने पोराबाळांच्या शपथा घेतल्या तरी दादा पुढच्या दुकानाकडे चालू लागायचे. माठवाले त्यांना लांबून बघूनच तोंड वाकडं करत.

दादांची नोकरीही हीच होती. पिंपरीच्या एका फाउंड्रीत ट्रकचे बिडाचे भाग ओतले जात. ते थंड झाले की साखळीला टांगायचे, दादांनी छोट्या हातोडीने एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. नीट वाजला तर खडूची खूण. आत चीर असेल तर आवाज मरतो, मग त्यावर लाल रंगाची फुली, आणि तो तुकडा पुन्हा भट्टीत. "घाटातनं जेवढे ट्रक उतरत्यात ना, ते माझ्या कानावर उतरत्यात," असं ते जेवताना सांगायचे. मी लहानपणी ते शब्दशः खरं धरून चालले होते आणि झोपलेल्या दादांच्या कानाकडे बघत बसायचे.

सदुसष्ट साली आम्ही खोली पाडून पुन्हा बांधली, तेव्हा कौलांच्या छपराखालची तुळईसुद्धा दादांनी वाजवून घेतली. कंपनीत परदेशातून मशिनं यायची. त्यांच्या पेट्यांखालचे लांबलचक वासे कंपनी कामगारांना विकायची. दादांनी कंपनीच्या अंगणातले चौदा वासे ठोकून बघितले आणि पंधरावा घरी आणला. गुलजार मिस्त्री, आमच्या मागच्या गल्लीतले सुतार, त्यावर रंधा मारताना म्हणाले होते, "कोंडीरामभाऊ, लाकूड नरम आहे. याला पाणी लागू देऊ नका, बस."

"वाजतंय कसं ते बघा की मिस्त्री," दादा म्हणाले.

मिस्त्रींनी त्या तुळईच्या मधोमध एक लोखंडी कडी बसवली. तीही दादांच्या सांगण्यावरून. माझं तेव्हा लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं, पण दादांनी जाहीर करून टाकलं होतं की या कडीला त्यांची नातवंडं झुलणार. मला लाज वाटून मी दिवसभर शेजारच्या गोजामावशीकडे जाऊन बसले होते.

चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली. चौथ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलं आणि आईने माझी खाट भिंतीलगत, तुळईच्या बरोबर खाली टाकली. बाळंतिणीला काम नसतं. डिंकाचे लाडू खायचे, शेक घ्यायचा, पोरीला पाजायचं आणि छताकडे बघायचं. मी अकरावी शिकलेली, घरात वाचायला काही नाही, त्यामुळे मी छत वाचायला लागले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी उशीवर भुस्सा पडलेला दिसला. पिवळसर, बारीक, नुकत्याच करवतलेल्या लाकडासारखा. त्यात मेलेल्या किड्यांचे पाय आणि पंख होते. आईने उशी झटकली आणि खाट हातभर सरकवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी खाटेच्या आधीच्या जागी भुश्शाची चिमूटभर रास तयार.

मी लक्ष ठेवलं. दिवेलागणीला मोरीच्या बाजूने काळे मुंगळे निघायचे. बोटाच्या अर्ध्या पेराएवढे मोठे, कंबर सुतासारखी बारीक. विजेच्या वायरीवरून एकामागे एक चढायचे आणि तुळई भिंतीत शिरते तिथे, खिळा जाईल एवढ्या फटीत दिसेनासे व्हायचे. दुपारी मात्र त्याच फटीतून एखादा तोंडात भुस्सा घेऊन बाहेर यायचा, काठावर थांबायचा, खाली टाकायचा आणि परत आत. केर काढून उंबऱ्याबाहेर टाकावा तसा. मला राग यायच्या ऐवजी कौतुक वाटलं. एवढी टापटीप आमच्या सासरीसुद्धा नव्हती.

पण ते लाकूड आमचं होतं.

"आई, मुंगळे तुळई पोखरतायत," मी म्हटलं.

"मुंगळे कुठं लाकूड खात्यात व्हय? ती वाळवी," आई म्हणाली. पण बोलताना तिने वर बघितलं नाही. माझी आई केसरबाई खोटं बोलायला लागली की हातातलं काम दुप्पट जोरात करते. ती परात घासत होती, आणि परात तर आधीच लख्ख होती.

नामकरण तिसऱ्या रविवारी ठरलं, कारण माझ्या नवऱ्याला, जयसिंगला, त्याच दिवशी शिफ्टमधून सुट्टी होती. सकाळी बुद्धवंदना, मग पाळण्यात घालून नाव, मग जेवण. दादांनी गुलजार मिस्त्रींकडून पाळणा करवून घेतला होता. शनिवारी संध्याकाळी कडीखाली स्टूल मांडून ते माझ्याकडे वळले तेव्हा मला राहवलं नाही.

"दादा, आधी तुळई वाजवून बघा."

ते एकदम खूश झाले. लेकीने आपल्याच विद्येची परीक्षा मागावी याचा त्यांना केवढा आनंद! स्टुलावर चढले, कंपनीची हातोडी काढली, कडीच्या शेजारी ठोका दिला, मान कलती करून कान लाकडाला लावला.

मी खाली खाटेवर होते. मला तो ठोका ऐकू आला. बद्द. फुटक्या माठाचा आवाज. आणि त्याच्या मागोमाग आतून सळसळ, वाळलेल्या पाचोळ्यावरून कुणी धावत सुटावं तशी, कडीपासून भिंतीपर्यंत. शेकडो पाय असणार. मांडीवर झोपलेल्या पोरीने डोळे उघडले, एवढी ती सळसळ मोठी होती.

दादांचा कान त्या लाकडाला चिकटलेला होता. त्यांनी आणखी एक ठोका दिला. पुन्हा सळसळ.

"खणखणीत हाय," दादा म्हणाले आणि हसत खाली उतरले.

मी आईकडे बघितलं. आई चुलीकडे बघत होती. मग सगळंच माझ्या ध्यानात यायला लागलं. आल्या दिवसापासून आई दादांना कधी मागून हाक मारत नव्हती. समोर जायची, कोपराला हात लावायची, मग बोलायची. सकाळी ते सायकल काढायचे तेव्हा ती रस्त्याच्या तोंडापर्यंत जायची आणि दोन्हीकडे बघून हाताने खूण करायची. मला वाटलं होतं, म्हातारपणी प्रेम ऊतू चाललंय.

दादा दोर आणायला बाहेर गेल्यावर मी आईला धरलं. "किती दिवस झाले?"

"दोन वर्सं." तिने परात खाली ठेवली. "गेल्या उन्हाळ्यात गोजाबाईचा माठ वाजवून आनला, त्यो तिसऱ्या दिशी गळाया लागला. मी गुपचूप दुसरा नेऊन ठिवला तिच्याकडं. भिताडाशी कौल फुटलंय, पानी तुळईवर ठिबकायचं पावसाळाभर. मला रातभर टपटप ऐकू यायचं, आन् हे शेजारी झोपलेलं."

"त्यांना माहीत आहे?"

"मानीत न्हाईत. म्हनत्यात, हातालाच कळतं मला आता, हातोडी उसळती त्यावरनं."

"आणि कंपनीत? तिथे काय पास करतायत ते?" माझा आवाज चढला. "ट्रकखाली माणसं मरतील आई!"

"हळू बोल. तू बाळंतीन हायस." मग तीच पदर तोंडाला लावून बसली. "ऐकू न येनाऱ्याला ठोकायला कोन ठेवंल गं? चार वर्सं राह्यली नोकरीची. आन् नोकरीचं जाऊ दे. कानाबिगर त्या मानसाकडं दुसरं हाय काय? मी त्यास्नी कुठल्या तोंडानं सांगू?"

मला तिचा संताप आला आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम, आणि मी नुसती पोरीला थोपटत राहिले. शेवटी म्हटलं, "उद्या माझी पोर मी त्या कडीला टांगणार नाही. मग भले सगळ्यांसमोर सांगावं लागलं तरी."

"तुला न्हाई सांगावं लागायचं," आई म्हणाली. "मी बघते."

रविवारी खोली गच्च भरली. वंदना झाली, पंचशील झालं. दादा पांढऱ्या सदऱ्यात पाळण्याशेजारी उभे होते. मी पोरीला छातीशी घट्ट धरून बसले होते. आता आई काय करते, याकडे माझं सगळं लक्ष होतं. तेवढ्यात आई आतून पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. धुतलेला, टोपडं घातलेला.

पाळण्यात मुलाच्या आधी वरवंटा घालायची ही जुनी रीत. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात असलं काही होत नव्हतं, आणि ते सगळ्यात आधी टाकून दिलं होतं ते आईनेच. दादांच्या कपाळाला आठी पडली.

"केसर, आपन सोडलंय ना हे?"

आई समोर जाऊन त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "एक डाव. माझ्या पहिल्या नातीला."

दादा बाजूला सरकले. आईने वरवंटा पाळण्यात ठेवला. मग गोजामावशीकडून मागून आणलेला दुसराही ठेवला. बायका हसायला लागल्या. "जुळं पायजे व्हय गं केसर?" कुणीतरी म्हणालं. आईसुद्धा हसली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. "सरका," ती म्हणाली. "मागं सरका समद्या. अजून मागं." पाळण्याभोवती मोकळं रिंगण झालं. मग तिने हात लांब करून दोर धरला आणि पाळण्यात पोर असताना कुणी देणार नाही असा जोरदार हिसका दिला. एक. दोन.

तिसऱ्याला कडी सुटली. नुसती कडी नाही, हातभर लाकूड सोलल्यासारखं निघून तिच्याबरोबर खाली आलं. पाळणा आदळला, वरवंटे फरशीवर धाडकन पडून कोपऱ्यापर्यंत घरंगळत गेले, आणि वरच्या भगदाडातून मुंगळे सांडले. काळेभोर, पंखवाले, बिनपंखवाले, तोंडात पांढरी अंडी धरलेले. बायका किंचाळत दाराबाहेर पळाल्या. दादा हलले नाहीत. त्यांनी ते लाकूड उचललं आणि बघत राहिले.

बाहेरून वरवर शाबूत असलेलं लाकूड आतून निव्वळ दालनं दालनं झालं होतं. भिंती पापडाएवढ्या पातळ, आणि आतून पॉलिश केल्यासारख्या गुळगुळीत.

गुलजार मिस्त्री पुढे आले. "ही वाळवी नाही भाऊ. वाळवी लाकूड खाते, जाईल तिथे मातीची नळी बांधते. इथे मातीचा कण नाही. हे खात नाहीत. ओलं नरम लाकूड कोरतात आणि आत राहतात. कुठेतरी पाणी मुरतंय." त्यांनी वर बोट केलं. फुटक्या कौलातून आभाळ दिसत होतं.

"कडी खराब असंल," दादा म्हणाले.

मिस्त्रींनी कडी हातात घेऊन बघितली, चांगली होती, आणि त्यांनी ती मुकाट्याने खिशात टाकली. या एका गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर विसरणार नाही. पोरीचं नाव माझ्या मांडीवरच ठेवलं, विशाखा, आणि जेवणं अंगणात झाली. संध्याकाळी मिस्त्रींनी छताला दोन टेकू दिले.

सोमवारी दादा कामावर गेले नाहीत. नातीसाठी रजा टाकली म्हणाले, पण नातीकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांना ते मुंगळे संपवायचे होते. आधी रॉकेल ओतायला निघाले, तेव्हा मिस्त्रींनी हात धरला. "रॉकेलने दिसतील तेवढे मरतील, बाकीचे पांगून दुसऱ्या लाकडात घर करतील. डीडीटी तर नकोच, घरात लहान लेकरू आहे. राणी मुंगी आत बसलीय, तिच्यापर्यंत विष त्यांनीच पोहोचवलं पाहिजे." आणि त्यांनी युक्ती सांगितली. कोपऱ्यावरच्या मंडळातून कॅरमवर टाकायची बोरिक पावडर आणायची, गुळाच्या पाकात जराशीच मिसळायची. जास्त झाली तर मुंगळे वाटेतच मरतात. बाटलीच्या झाकणात घालून त्यांच्या वाटेवर उंच ठेवायची, पोराचा हात पोहोचणार नाही अशी. आणि मग घाई करायची नाही.

दादांनी कौल बदललं. पोखरलेली तुळई काढायला मिस्त्रींना मदत केली. तिच्या जागी मिस्त्रींनी सागाची बसवली, आणि दादांनी ती वाजवून बघितली नाही. झाकणं ठेवली. मग रोज दिवेलागणीला ते स्टूल घेऊन बसायचे आणि मुंगळ्यांच्या रांगेकडे बघत राहायचे. तुळई गेली तरी रांग चालूच होती. पण आता मुंगळे वायरीवर चढत नव्हते. गूळ खाऊन भिंतीच्या कडेने परत मोरीकडे जात होते. दादा ढोपरावर बसून, बॅटरी घेऊन, त्यांच्या मागे मागे गेले. शुक्रवारी त्यांनी मला खूण करून बोलावलं.

"हितं बघ." मोरीच्या दाराची चौकट खालून काळी पडली होती. दादांनी अंगठ्याने दाबली तर अंगठा आत गेला. "ह्यांचं दुसरं घर. मूळचं हेच. तुळईत नंतर गेलं." सहा दिवसांत त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव होता. "हे कानाचं काम न्हाई, कस्तुरे. डोळ्याचं हाय."

मी म्हटलं, "व्हय, दादा."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "शनिवारी मी ठोकलं, तवा तुला आवाज आला व्हता?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. पण तो माणूस माझ्या ओठांवर डोळे रोखून बसला होता आणि मला ते जमलं नाही.

"बद्द वाजली होती दादा. आणि आत मुंगळे पळाले. तुमच्या कानाखालीच."

"तुझ्या आईला?"

"तिलाही ऐकू आलं."

त्यांनी मान हलवली. चांगला माठ वाजल्यावर हलवायचे, तशीच. मग खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेले दोन वरवंटे त्यांनी बराच वेळ बघितले.

पुढच्या सोमवारी सकाळी त्यांनी तुळईचा तो हातभर तुकडा गोणपाटात गुंडाळला, सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि कामावर गेले. तिथे काय झालं ते पुढे त्यांचे फोरमन बबनराव यांनी सांगितलं. दादांनी तो तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला, शेजारी हातोडी ठेवली आणि म्हणाले, "साहेब, हे मी पास केलं व्हतं. यार्डात माझ्या खडूचा जेवढा माल पडलाय, त्यो दुसऱ्या मानसाकडनं पुन्हा वाजवून घ्या. बाहेर गेलाय त्याचंबी बघा." बबनराव म्हणाले, दादा टेबलाला धरून उभे होते आणि स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्याने बोलत होते, सगळं ऑफिस ऐकत होतं.

माल पुन्हा वाजवला. त्यात काही भाग वाईट निघाले. किती, ते दादांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. बाहेर गेलेल्या मालाला पत्रं गेली. दादांना ओरडा बसला, आणि नोकरीच्या उरलेल्या वर्षांसाठी त्यांना स्टोअरमध्ये, साच्यांच्या खोलीत बसवलं.

त्या सोमवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिची पाठ दाराकडे होती. सायकल भिंतीला लावल्याचा आवाज तिने ऐकला, आणि दिवसभराच्या काळजीने दोन वर्षांची सवय विसरून तशीच, न वळता, तिने विचारलं, "काय म्हनले साहेब?"

दादा उंबऱ्यात उभे राहिले. हात रिकामे होते, हातोडी नव्हती. तिच्या पाठीकडे बघून त्यांना कळलं असावं की ती बोलतेय.

"केसर," ते म्हणाले, "हिकडं तोंड कर आन् मोठ्यानं बोल. मला ऐकू येत न्हाई."

आई पिठाच्या हाताने वळली. दोन वर्षं ती या माणसाशी गल्लीला कळू नये म्हणून खुणांनी बोलत होती. तिचे डोळे भरून वाहत होते, आणि ती एवढ्या जोरात ओरडली की नव्या तुळईला टांगलेल्या पाळण्यातली विशाखा दचकली आणि पलीकडच्या घरातून गोजामावशी दारात आली.

"म्हनलं, जेवताय का?"

"व्हय," दादा म्हणाले. "वाढ."